राहुरीच्या रस्त्याची वहिवाट

राहुरी गाव मुळा नदीकाठी, नगर–मनमाड रस्त्यावर वसले आहे. शिर्डीहून शनिशिंगणापूरला जाणारी वाहने याच रस्त्याने येतात, आणि त्यांत परदेशी भाविक किंवा बऱ्याच वर्षांनी सुट्टीला आलेली परदेशस्थ मराठी कुटुंबेही असतात. उसाचा ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून चाललेला, मागचा ट्रक सतत हॉर्न देणारा आणि समोरून राँग साइडने मोटारसायकल येणारी, हे दृश्य त्यांना निव्वळ बेशिस्त वाटते. त्यात बेशिस्त आहेच. पण यातल्या बऱ्याच सवयींना इतिहास आहे, आणि तो बैलगाडीपासून सुरू होतो.

1878 साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. त्यानंतर लांबच्या मालाची वाहतूक रेल्वेकडे गेली आणि रस्त्यावर उरली ती गावापासून स्टेशनापर्यंतची. राहुरीचे स्टेशन गावापासून दूर आहे. वांबोरीसारख्या बाजाराच्या गावांचाही माल बैलगाड्यांनीच स्टेशनावर जाई. रस्ता तेव्हा बैलाच्या चालीचा होता आणि त्यावर कुणी कुणाला ओलांडून जाण्याचा प्रश्न क्वचितच येई.

वर्दळ खरी वाढली ती पाण्यामुळे. 1926 मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पसरला. 1950 च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातील सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे राहुरीचाही सहकारी कारखाना उभा राहिला. त्याच्या भोवतीच्या वस्तीला लोक आजही ‘राहुरी फॅक्टरी’च म्हणतात. मग 26 टीएमसी क्षमतेचे मुळा धरण झाले आणि तालुक्याचा आणखी भाग बागायती झाला. हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या येऊन उतरल्या की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रस्ता उसाच्या गाड्यांचा होई.

भरलेली गाडी रस्त्याच्या मधून का चाले, याचे उत्तर रस्त्याच्या बांधणीत आहे. पाणी निघून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता केलेला असतो. त्यापलीकडची साइडपट्टी मऊ आणि खचलेली. दोन-अडीच टन ऊस लादलेली टायरगाडी तिकडे गेली तर कलंडते आणि बैलांच्या मानेवर सगळा भार येतो. त्यामुळे गाडीवान मध्यभाग सोडत नसे. पहाटे गाड्यांची रांग कारखान्याकडे निघाली की बैल सवयीने पुढच्या गाडीमागे चालत आणि दिवसभर कोयता चालवलेला गाडीवान मोळ्यांवर झोपलेला असे. गाडीखाली टांगलेला कंदील एवढीच मागच्याला खूण. अशा गाडीला बाजूला घ्यायचे तर आवाज देण्याला पर्याय नव्हता. इथल्या हॉर्नचा मूळ अर्थ ‘मी मागे आहे, जरा साइड द्या’ असा आहे. त्यात राग नाही.

कायद्यानेही काही सवयी घडवल्या. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात डाव्या बाजूने चालण्याच्या नियमाबरोबर चालकाने हाताने करायच्या खुणाही दिल्या होत्या. मागच्याने पुढे जावे असे वाटले तर उजवा हात बाहेर काढून मागे-पुढे हलवायचा, ही त्यांतलीच एक. ट्रॅक्टरवाले आजही ती खूण करतात. ट्रकवाल्यांनी तोच अर्थ उजव्या इंडिकेटरला दिला. परदेशात गाडी शिकलेल्या माणसाला तो ट्रक उजवीकडे वळणार असे वाटते आणि तो थबकतो. हेडलाइटच्या उघडझापीचेही तसेच. इंग्लंडमध्ये ती बहुधा ‘आधी तुम्ही’ असे सांगते, तर इथे ‘मी येतोय, थांबा’ असे. या दोन अर्थांमधली चूक जिवावर बेतू शकते.

थांबण्याची सवय प्रवासी वाहतुकीने लावली. 1 जून 1948 रोजी राज्यातली पहिली एसटी पुणे–नगर मार्गावर धावली. पुढे महामंडळाने ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ अशी योजनाच काढली. काळ्यापिवळ्या जीपगाड्यांना तर थांब्याची गरजच नव्हती. वस्तीवरच्या माणसाची त्यात मोठी सोय झाली, पण पुढची गाडी कुठेही, केव्हाही थांबेल हे मागच्याने गृहीत धरायचे, असा प्रघात पडला.

बैलांची जागा ट्रॅक्टरने घेऊ लागल्यावर ही वहिवाट धोक्याची झाली. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बैलगाडीच्या कितीतरी पट ऊस ओढतो. बाहेर आलेल्या उसामुळे मागचा दिवा झाकला जातो, आणि रात्री बंद पडलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. मागून आदळून माणसे जातात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग आणि कारखाने ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर लावून घेतात. हे काम हंगामभर व्हायला हवे. चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर नसल्यासारखाच असतो. हॉर्नबाबतही शासनाने पावले उचलली. 2015 मध्ये महाराष्ट्रात वाहनांच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास बंदी आली आणि 2017 च्या वाहनचालन नियमांनी विनाकारण हॉर्न वाजवण्यास मनाई केली.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. तो सोडून नगरकडे निघालेला चालक तासाभरात राहुरीच्या शिवारात पोचतो, आणि हंगाम असेल तर त्याच्यापुढे उसाची ट्रॉली असते, रस्त्याच्या मधोमध.