अनामत, शासकीय साह्यावर राहणाऱ्या भाडेकरूची (करोल बाग, दिल्ली)

खोली भाड्याने घेताना मालकाकडे ठेवायची आणि खोली सोडताना परत मिळायची रक्कम म्हणजे अनामत. दिल्लीच्या बोलण्यात 'सिक्युरिटी'. भाड्याचा पैसा भाडेकरूच्या खिशातून न येता सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा सरकारी निधीवरच्या संस्थेकडून येत असेल, तर तीन प्रश्न निघतात. अनामत कोणी भरायची, ती कोणाची मानायची आणि मालकाने त्यातून कापलेल्या पैशाचा वाद कोणी घालायचा? ब्रिटनमध्ये नगर परिषदा गरजू भाडेकरूंना साह्य करतात, आणि तिथे यांतले काही प्रश्न कायद्याने हाताळले आहेत. दिल्ली महानगरपालिकेचा करोल बाग विभाग मालमत्ता कर घेतो, परवाने देतो. कोणाचे घरभाडे भरत नाही. तरीही करोल बागेत हा प्रश्न खराखुरा आहे, कारण महाराष्ट्र शासनाच्या विद्यावेतनावर स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी मराठी मुले तिथल्या आणि लगतच्या जुन्या राजेंद्र नगरच्या खोल्यांत राहतात.

वस्ती : नवी दिल्ली उभारताना उठवलेल्या गावांतल्या लोकांना विसाव्या शतकाच्या आरंभी इकडे वसवण्यात आले. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातले निर्वासित आले आणि बाजार वाढला. रैगरपुरा, बीडनपुरा या गल्ल्यांत सोन्याचांदीचे काम चालते. त्यात सांगली-सातारा भागातले गलाईवाले (सोने-चांदी गाळणारे) पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

कायदा : 'दिल्ली भाडे नियंत्रण अधिनियम, १९५८' याच्या पाचव्या कलमाने पागडी आणि भाड्याव्यतिरिक्त कोणताही मोबदला घेण्यास मनाई केली. नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीशिवाय एका महिन्याच्या भाड्याहून अधिक रक्कम आगाऊ घेता येत नाही, असेही ते कलम सांगते. तेराव्या कलमानुसार, बेकायदा घेतलेली रक्कम भाडेकरूने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी दिलेली असली, तरी परताव्याचा आदेश भाडेकरूच्या नावे निघतो. पैसे भरणारा वेगळा आणि भाडेकरू वेगळा असू शकतो, हे या कायद्याला ठाऊक होते; मात्र भरणाऱ्याचा स्वतःचा काही हक्क असतो, हे त्याने मानले नाही. या नोंदीत मांडलेल्या प्रश्नाचे मूळ तेच आहे. त्यात भर पडली १९८८ च्या दुरुस्तीची. दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. तेव्हा ही मर्यादा श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी होती. आज करोल बागेत एका खाटेचे भाडेही तिच्या वर जाते. त्यामुळे विद्यार्थ्याच्या खोलीला ना एका महिन्याची मर्यादा लागू, ना तेराव्या कलमाचा परतावा. उरतो मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि भारतीय करार अधिनियम, १८७२, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारात जे लिहिले असेल ते. जेवणासह 'पीजी' असेल तर तो भाडेकरार नसून निव्वळ परवाना आहे, असाही बचाव मालकाला करता येतो. १९९५ चा दिल्ली भाडे अधिनियम संसदेने संमत केला, त्याला राष्ट्रपतींची मान्यताही मिळाली. पण व्यापारी भाडेकरूंच्या विरोधामुळे तो अंमलात आला नाही.

२०२० चे आश्वासन : टाळेबंदी सुरू झाल्यावर २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये असा आदेश काढला. त्याच दिवशी दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की गरिबीमुळे ज्याला भाडे देता येणार नाही त्याचे भाडे सरकार भरील. योजना आली नाही. काही रोजंदारी भाडेकरू आणि एक घरमालक उच्च न्यायालयात गेले. २२ जुलै २०२१ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी असे आश्वासन अंमलात आणण्याजोगे ठरवले आणि सरकारला सहा आठवड्यांत निर्णय घेण्यास सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. आश्वासनाच्या बंधनकारकतेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की सगळी चर्चा भाड्याभोवती फिरली आणि अनामत बाजूलाच राहिली. थकलेले भाडे मालकाच्या हातात असलेल्या अनामतीतून वळते होते. सरकारने नंतर ते भाडे भरले असते, तर अनामत पूर्ववत करायची की नाही, आणि केली तर ती कोणाच्या नावे, याचे उत्तर त्या आश्वासनात नव्हते.

मराठी विद्यार्थी व विद्यावेतन : पुण्याच्या बार्टी आणि सारथी, नागपूरची महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्था निवडक उमेदवारांना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या तयारीसाठी दिल्लीला पाठवतात, शिकवणीचे शुल्क संस्था भरते आणि विद्यार्थ्याच्या बँक खात्यात दरमहा विद्यावेतन जमा होते. ते हजेरीशी बांधलेले असते, म्हणजे महिना उलटल्यावर मिळते. मालकाला मात्र पैसे खोलीची किल्ली देण्याआधी हवे असतात. समजा खोलीचे भाडे १५,००० रुपये आहे. एक महिन्याची सिक्युरिटी, एक महिन्याचा अॅडव्हान्स आणि अर्ध्या महिन्याची दलाली मिळून पहिल्याच दिवशी ३७,५०० रुपये मोजावे लागतात. दलाली परत येत नाही, अॅडव्हान्स भाड्यात जातो, सिक्युरिटी वर्षभर अडकून पडते. परभणी किंवा गडचिरोलीच्या घरात ही रक्कम कर्जाने उभी राहते. शासनाने ज्या अडचणीवर उपाय म्हणून विद्यावेतन सुरू केले, तीच अडचण दारातच उभी राहते. हाच प्रकार महाराष्ट्रातल्या स्वाधार योजनेत दिसतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला मिळणारे ६०,००० रुपये भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे विभागलेले आहेत. अनामत या नावाचे शीर्षच नाही.

खोली सोडतानाचा हिशेब अधिक बोलका असतो. करोल बागेतल्या करारनाम्यात बहुधा एक महिन्याच्या सूचनेची अट असते. ती पाळली नाही तर महिन्याचे भाडे, पाळली तरी रंगरंगोटी, सबमीटरवरचे वीजबिल, पंख्याची दुरुस्ती, असे एकेक कलम निघत जाते आणि शेवटी हातात फारसे उरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही. पण खोली घेताना भिंती कशा होत्या याची नोंद कोणी केलेली नसते आणि निकाल लागलेले किंवा पैसे संपलेले विद्यार्थी काही हजारांसाठी दिल्लीत दावा लावायला थांबत नाहीत. जुलै २०२४ मध्ये राजेंद्र नगरात एका शिकवणीच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. त्यानंतरच्या आंदोलनात सुरक्षेबरोबरच खोल्यांचे भाडे आणि दलाली यांवरचा रोषही बाहेर पडला तो उगाच नव्हे.

उपाय व आक्षेप : भाड्याला साह्य देणाऱ्या संस्थेने अनामत विद्यावेतनात मिसळू नये, ती परतीची ठेव म्हणून स्वतः, बँकेमार्फत थेट मालकाच्या खात्यात भरावी, करारात ठेवीदार म्हणून आपले नाव लिहावे आणि परतावा आपल्याकडे घ्यावा, हे या नोंदीचे प्रतिपादन आहे. शासनाचा पैसा अशाने बुडत नाही. तो फिरता राहतो आणि एकच रक्कम पुढच्या तुकडीच्या उपयोगी पडते. याला पहिला आक्षेप असा, की सरकारी नाव दिसताच मालक खोली नाकारतील. पण मालक ज्याला भितात ते सरकारचे उशिरा येणारे पैसे. इथे रक्कम आधीच येते, त्यामुळे भीतीचे कारणच कमी होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : स्वतःचे पैसे अडकले नसतील तर विद्यार्थी खोली जपणार नाही. म्हणून कपात योग्य ठरली तर ती विद्यार्थ्याच्या पुढच्या विद्यावेतनातून संस्थेने वसूल करावी, आणि योग्य ठरवण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे. ही दुसरी अट सोडून चालणार नाही. ठेवीदार संस्था झाली म्हणून खोलीत राहणाऱ्याचा बोलण्याचा हक्क जाऊ नये, नाहीतर मालक आणि संस्था आपसांत हिशेब मिटवतील आणि विद्यार्थ्याला वसुलीची नोटीस मिळेल. तिसरा आक्षेप कारकुनीचा, की शेकडो छोट्या ठेवींचा हिशेब कोण ठेवणार? सार्वजनिक बांधकाम खाते प्रत्येक ठेकेदाराची बयाणा रक्कम आणि सुरक्षा ठेव घेते, सांभाळते, मुदत संपल्यावर सोडते. ठेकेदारासाठी जी नोंदवही ठेवता येते ती विद्यार्थ्यासाठीही ठेवता येईल.

तिसऱ्याच्या हाती पैसा ठेवण्याची कल्पना आपल्याकडे अपरिचित नाही. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने विकासकांनी संक्रमण काळाचे भाडे थकवल्याच्या तक्रारींनंतर २०२३ पासून दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करण्याची सक्ती केली. ब्रिटनमध्ये, इंग्लंड आणि वेल्सपुरते, ६ एप्रिल २००७ पासून मालकाला अनामत ठरावीक मुदतीत मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावी लागते. ही मुदत पुढे ३० दिवसांची झाली, आणि ती चुकवल्यास अनामतीच्या एक ते तीन पट दंड होतो. भाडेकरूच्या वतीने दुसऱ्या कोणी पैसे भरले असतील, तर त्यालाही या नोंदणीची माहिती द्यावी लागते. तिथल्या काही परिषदा रोख न देता हमीपत्रच देतात. करोल बागेत हमीपत्रावर कोणी खोली देईल असे वाटत नाही, म्हणून वर रोख ठेवीचाच पुरस्कार केला आहे.



आदर्श भाडेकरार अधिनियम : केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या या नमुन्यात अनामतीची कमाल मर्यादा निवासी जागेसाठी दोन महिन्यांचे आणि बिगरनिवासी जागेसाठी सहा महिन्यांचे भाडे अशी आहे. मालकाने ताबा परत घेण्याच्या दिवशी देणे वजा करून ती भाडेकरूला परत करायची आहे. हा नमुना स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर सोपवले असून दिल्लीत १९५८ चाच कायदा चालू आहे. अनामत संस्थेने भरलेली असल्यास परतावा तिला मिळावा, अशी तरतूद या नमुन्यातही नाही. ती घालायला एका उपकलमाची दुरुस्ती पुरे.