गिरणीतला खोकला, गावातला ताप

खंडाळ्याचा घाट फोडून रेल्वे वर आली 1863 साली. 1861 च्या सुमाराला या कामावर चाळीस हजारांवर मजूर राबत होते. हजारो मेले. पटकीनं, तापानं, सुरुंगानं. ठेकेदार ट्रेडवेल 1859 साली आल्याआल्या आजारानं गेला, त्याचं नाव इतिहासात आहे. मजुरांची नावं कुणी लिहिली नाहीत.

पुढं याच रुळावरून मुंबईचे शेटजी वर आले. लोणावळ्याची हवा छातीला चांगली म्हणून त्यांनी बंगले बांधले. आणि मावळातली माणसं खाली गेली, गिरणीत.

क्षयाचा जंतू कॉखनं 1882 साली दाखवला. पण नुसता जंतू पुरत नाही. त्याला चाळीतली कोंदट खोली लागते, अर्धं पोट लागतं, कापसाच्या धुळीनं भरलेली छाती लागते. आपली माणसं बहुतेक रिंग खात्यात, कमी पगारावर. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला बंदी. का? तर कांडी बदलली की विणकर धोट्यातून धाग्याचं टोक तोंडानं ओढून काढायचा. महाराच्या थुंकीनं धागा बाटेल ना!

1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या पुढ्यात टाकला. या खात्यात आमच्या लोकांना घ्या, ही मागणी करा. नाहीतर संपात या म्हणून मी त्यांना सांगणार नाही. पुढाऱ्यांनी ती नाइलाजानं घातली. आता गंमत बघा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं तोंडानं धागा ओढणं 1911 सालीच कायद्यानं बंद केलं होतं, थुंकीतून क्षय पसरतो म्हणून. आमचे सवर्ण विणकर मात्र एकमेकांची थुंकी रोगासकट चालवून घेत होते. बाट फक्त आमच्या तोंडाची.

रक्त पडायला लागलं की कामगार गाव गाठायचा. काम सुटलेलं, खोलीत झोपायला जागा नाही. आणि स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 साली, गरिबाच्या हाती पडलं त्याच्याही कितीतरी नंतर. म्हणजे रोग मुंबईनं दिला, मरण मावळानं सोसलं. मुंबईच्या आकड्यात तो माणूस नाहीच. गावात मृत्यूची नोंद पाटील-कुलकर्ण्याच्या हाती. कारणांच्या तक्त्यात सगळ्यात मोठा रकाना तापाचा. लिहिलं ताप, मिटलं.

गावातल्या कुणाच्याही मरणाची खबर पाहुण्यांच्या गावी पोचवणं हे महाराचं वतनाचं काम. 1958 च्या कायद्यानं ते वतन गेलं. तोवर बाप दुसऱ्यांचं मरण सांगत उन्हातान्हात कोसाकोसानं चालला, आणि परळहून खोकत आलेला त्याचा पोरगा दप्तरात 'ताप' होऊन पडला.

तुमच्या वस्तीत ऐंशीच्या पुढची कुणी आजी असेल तर जाऊन विचारा, मुंबईहून खोकत कोण कोण आलं होतं. नावं लिहून घ्या.