दंतपूरण आणि ओलावा
किडलेला भाग कोरून काढल्यावर दातात राहिलेली पोकळी योग्य द्रव्याने भरण्याच्या क्रियेस दंतपूरण म्हणतात. भरलेले द्रव्य दाताला किती घट्ट धरून राहते, हे पोकळीच्या पृष्ठावरील ओलाव्यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. पकड सैल झाल्यास सूक्ष्म फटीतून लाळ व जंतू आत शिरतात, दात शिवशिवतो आणि पूरणाखाली पुन्हा कीड लागते.

सोन्याच्या वर्खाने दात भरण्याच्या काळात ओला वर्ख एकजीव होत नसे. यासाठी सॅनफर्ड बार्नम या अमेरिकन दंतवैद्यांनी १८६४ मध्ये दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून लाळ अडविण्याची पद्धत काढली. जस्तयुक्त पारदमेल भरताना ओलावा लागल्यास हायड्रोजन वायू निर्माण होऊन पूरण काही दिवसांनी प्रसरण पावते. त्यामुळे ‘दात कोरडा ठेवा’ हा नियम दृढ झाला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले, तेव्हा दंतवैद्यकात हाच नियम सर्वमान्य होता.

मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दंतवल्कावर फॉस्फोरिक अम्ल लावून ते खडबडीत केल्यास रेझीन अधिक घट्ट बसते, असे दाखविले. दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असल्याने ते कोरडे केले तरी बिघडत नाही. त्याखालील दंतिनात मात्र सुमारे २० टक्के जैव पदार्थ व १० टक्के पाणी असते आणि त्यातील सूक्ष्म नलिकांतून द्रव सतत पाझरतो. अम्लाने खनिज विरघळल्यावर कोलॅजेन तंतूंचे जाळे उघडे पडते. नोबुओ नाकाबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये रेझीन या जाळ्यात शिरून संकरित थर बनतो, असे दाखविले. परंतु हवेच्या झोताने दंतिन पूर्ण वाळविल्यास जाळे कोसळते व रेझीनला वाट उरत नाही. जॉन कांका, ग्विनेट प्रभृतींच्या १९९२ च्या सुमाराच्या कार्यामुळे दंतिन किंचित ओलसर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पाणी जास्त राहिल्यास मात्र रेझीन विरल होऊन पकड दुबळी होते. अम्ल धुण्याची वेगळी पायरी नसलेल्या स्वअम्लकारी आसंजकांमुळे पुढे ही अडचण पुष्कळ कमी झाली.

विल्सन व केंट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले काच-आयनोमर सिमेंट दातातील कॅल्शियमाशी रासायनिक रीत्या जोडले जाते. तेही घट्ट होईपर्यंत लाळेपासून आणि वाळण्यापासून जपावे लागते.

मुंबईसारख्या सागरकाठच्या शहरात या प्रश्नाला हवामानाची जोड मिळते. रबरी पडद्याने दात मुखातील दमट हवेपासून अलग होतो. पण त्याभोवती खोलीतील हवा येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिची सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. गिरगाव, दादर, परळ वा लालबाग येथील वातानुकूलन नसलेल्या चिकित्सालयात केवळ पडदा लावून त्यामुळे भागत नाही. दमट हवा संपीडकात दाबली गेल्यावर तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. हे पाणी वेळोवेळी काढून टाकले नाही, तर दात कोरडा करण्यासाठी सोडलेल्या झोताबरोबरच ते दातावर पडते. म्हणून वातानुकूलन, संपीडकाला जोडलेला शोषक व तेलविरहित हवा यांना येथे विशेष महत्त्व आहे. कोरडेपणाचा जुना नियम अशा रीतीने टाकून दिला गेला नाही. लाळ व हवेतील बाष्प दूर ठेवावे आणि दंतिनाचा स्वतःचा ओलावा राखावा, असे त्याचे आजचे स्वरूप आहे.