ठिपका, पॉइंट आणि छापील पानाचे स्थैर्य

छापील पानाचा एक गुण आपण गृहीतच धरीत आलो आहोत, तो म्हणजे त्याचे स्थैर्य. एका अभ्यासकाने ‘पृष्ठ ४७, ओळ १२’ असा निर्देश केला म्हणजे शंभर कोसांवरील दुसऱ्या अभ्यासकास त्याच आवृत्तीत तेच शब्द त्याच ठिकाणी सापडतात. पाठचिकित्सा, सूची, वर्गातील अध्यापन, ही सारी या विश्वासावर उभी आहेत. संगणकाच्या आगमनाने हा विश्वास काहीसा डळमळला. एकच लेख एका संगणकावर नऊ पाने भरतो, दुसऱ्यावर दहा. प्रश्नपत्रिकेतील शेवटचा प्रश्न पुढील पानावर जाऊन पडतो. शिक्षकांस हा अनुभव नवा नाही. त्याचे एक मुख्य कारण मापाच्या इतिहासात सापडते.

शिशाचा खिळा आपले माप आपल्या अंगातच बाळगीत असे. मात्र एका ओतशाळेचे खिळे दुसरीच्या खिळ्यांशी जुळत नसत. पॅरिसच्या फूर्निए याने १७३७ साली खिळ्यांच्या परस्पर प्रमाणांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात दिदो याने हे माप फ्रान्सच्या राजमान्य इंचाशी जोडले. १८८६ मध्ये अमेरिकेतील ओतशाळांनी आपला पॉइंट ठरविला. एका इंचात असे सुमारे ७२.२७ पॉइंट बसतात. पॉइंट हे कोणा एका यंत्राचे माप नव्हे. ते कागदावरील अंतराचे माप होय, हे येथे ध्यानात ठेवावे.

संगणकापाशी खिळा नाही. त्याचे अक्षर ठिपक्यांचे बनते, आणि ठिपक्यांची दाटी साधनागणिक बदलते. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचास ७२ ठिपके होते. तेथे ठिपका आणि पॉइंट जवळजवळ एकच ठरल्याने दोहोंतील भेद झाकला गेला. विंडोजने इंचास ९६ ठिपक्यांचा संकेत धरला; १९८५ च्या लेझररायटर मुद्रकात हीच दाटी ३०० होती. आता ज्या प्रोग्रामरने ‘९६ ठिपक्यांची रेघ काढ’ अशी आज्ञा लिहिली, त्याची पडद्यावरील एक इंचाची रेघ या मुद्रकावर एक तृतीयांश इंचाहूनही आखूड उमटणार, आणि ६०० दाटीच्या मुद्रकावर तिच्याही निम्मी! काही ठिपके-मुद्रकांत तर आडवी आणि उभी दाटी निराळी असे. दोहोंस एकच आकडा लावला की वर्तुळाचे लंबवर्तुळ होई.

या अडचणीतून दोन मार्ग निघाले. १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाची निकृष्ट मुद्रिते पाहून खिन्न झालेल्या डोनाल्ड क्नूथ यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचण्यास आरंभ केला. १९८२ च्या तिच्या नव्या रूपात पॉइंटचे ६५,५३६ भाग करून मांडणीचा हिशेब पूर्णांकांत ठेवला आहे. त्यामुळे अक्षरांची मापे तीच असता कोणत्याही संगणकावर ओळ एकाच शब्दापाशी तुटते. दुसरा मार्ग जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या पोस्टस्क्रिप्टचा. तीत पानाचे वर्णन इंचाच्या ७२ व्या भागात करावयाचे, आणि त्याचे ठिपके करण्याचे काम मुद्रकावर सोपवावयाचे. म्हणूनच लेझररायटरवर तपासलेले पान इंचास १,२७० ठिपक्यांच्या लिनोट्रॉनिक यंत्रावरही त्याच मांडणीने उमटू शकले.

एवढ्याने प्रश्न संपत नाही. ठिपका तोडता येत नाही. समजा, पडद्यावर एका अक्षराची रुंदी सव्वासहा ठिपके भरली आणि ती सहाच धरली, तर साठ अक्षरांच्या ओळीत पंधरा ठिपके गहाळ होतात. मग ओळीच्या शेवटी एखादा शब्द अधिक मावतो, परिच्छेद आखूड होतो, पान सरकते. जाणता प्रोग्रामर खरी बेरीज अपूर्णांकांसह जपतो आणि अक्षर प्रत्यक्ष ठेवतानाच जवळचा ठिपका निवडतो. चूक साचू देत नाही.

देवनागरीत ही चूक अधिक डोळ्यांवर येते. रोमन अक्षर एक ठिपका सरकले तर सहसा कोणास कळत नाही. येथे शिरोरेखेत फट पडते वा पायरी दिसते. अर्ध्या पॉइंटची शिरोरेखा ६०० दाटीस चार ठिपक्यांची, ३०० ला दोहोंची. ९६ ला ती पुरती एका ठिपक्याचीही भरत नाही. म्हणून पडद्यावरील देवनागरीवरून कागदावरील देवनागरीची परीक्षा करणे युक्त नव्हे.

आज पीडीएफच्या रूपाने पान बांधून पाठविण्याची सोय आहे. १९९३ मध्ये आलेले हे स्वरूप २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आपल्या संस्थांनी पृष्ठनिर्देश करावयाचा तो अशा बांधलेल्या पानावरून करावा, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस आरंभीच सांगावे की, माप कागदाचे धरावे आणि ठिपक्यांची संख्या त्या त्या साधनास विचारून घ्यावी. यंत्रे पुढेही बदलत राहतील. परंतु एका विद्वानाने दाखविलेली ओळ दुसऱ्यास सापडली पाहिजे, ही विद्याव्यवहाराची गरज बदलणार नाही, असे आम्हांस वाटते.