झाडाला हृदय नसते : जगदीशचंद्रांच्या एका चुकीची गोष्ट

बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळपास ५०० मीटर चढवून आणावे लागते. त्यासाठी प्रचंड पंप रात्रंदिवस चालतात. त्याच शहरात लालबागेतील जुने वृक्ष मुळांशी असलेले पाणी, त्यात विरघळलेल्या नायट्रेट, फॉस्फेट व पोटॅशियमसह, शेंड्याच्या पानापर्यंत निःशब्दपणे पोहोचवतात. आपल्या पूर्वजांनी झाडाला ‘पादप’, म्हणजे पायांनी पिणारा, असे नाव दिले. पण प्यायलेले पाणी वर चढवते कोण?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वरून हवा ओढून घेतली, तर वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला पाणी सुमारे १० मीटरच चढवू शकतो. बेंगळुरू सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे ही मर्यादा सव्वानऊ मीटरच्या आसपास येते. केशाकर्षणाचा आधार घ्यावा, तर ५० मायक्रोमीटर त्रिज्येच्या जलवाहिनीत पाणी जेमतेम ३० सेंटिमीटर चढते. मुळांचा दाब खरा आहे. पहाटे गवताच्या पात्यांच्या टोकांवर दिसणारे थेंब बहुधा त्याचेच असतात. परंतु भर दुपारी, जेव्हा झाडातून सर्वाधिक पाणी वाहते, तेव्हाच तो नाहीसा झालेला असतो.

मग खोडातील जिवंत पेशी पंपाचे काम करत असतील काय? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी हा प्रश्न झाडालाच विचारला. वीस मीटरहून उंच ओक वृक्ष बुंध्याशी कापून त्यांनी त्याचे टोक पिक्रिक आम्लात बुडवले. वर चढणाऱ्या विषाने वाटेतील पेशी मारल्या, तरीही द्रव चढतच राहिला. हे निष्कर्ष १८९१ साली प्रसिद्ध झाले. १८९४ साली डब्लिनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री डिक्सन आणि भौतिकीत मुरलेले जॉन जॉली यांनी धाडसी उत्तर मांडले. पाणी खालून ढकलले जात नाही, वरून ओढले जाते. पानांतून बाष्प निघून जाते, पेशीभित्तिकांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि पाण्याचा सलग धागा मुळापर्यंत ताणला जातो. रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे तो तुटत नाही. ऊर्जा सूर्याची, झाड फक्त वाट उपलब्ध करून देते.

पाणी दोरीसारखे ताणता येते, हे त्या काळी अनेकांना पटण्यासारखे नव्हते. जगदीशचंद्र बोस यांनाही ते पटले नाही. विद्युतचुंबकीय तरंगांवरील कामाने कीर्ती मिळवून ते वनस्पतींकडे वळले होते. १९१७ साली कोलकात्यात त्यांनी स्वतःची संशोधनसंस्था उभारली आणि १९२३ साली रसारोहणावर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. काचेने वेष्टित, टोक तेवढे उघडे असलेली बारीक विद्युत शलाका ते खोडात पायरीपायरीने खोल नेत आणि गॅल्व्हानोमीटर पाहत. मध्यत्वचेच्या सर्वांत आतल्या थराशी त्यांना लयबद्ध विद्युत स्पंदने आढळली. त्यांवरून त्यांनी अनुमान काढले की हा थर हृदयासारखा आकुंचन-प्रसरण पावतो आणि पाणी वर ढकलतो.

येथे चूक नेमकी कोठे झाली, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. उपकरण कल्पक होते, निरीक्षणे कष्टाने मिळवलेली होती. परंतु पेशीत लय आहे, एवढ्यावरून त्या लयीमुळेच पाणी चढते असे सिद्ध होत नाही. निर्णायक कसोटी वेगळी होती : तो थर काढून टाकला, तर प्रवाह थांबतो काय? थांबत नाही. सालीचे संपूर्ण वलय काढले तरी वरची पाने बराच काळ टवटवीत राहतात. शिवाय जुन्या वृक्षांच्या खोडावरील मध्यत्वचा सालीबरोबर कधीच झडून गेलेली असते. वनस्पती आणि प्राणी यांच्या जीवनक्रिया मुळात एकच, या आपल्या भव्य कल्पनेवर बोस यांचे इतके प्रेम होते की तिच्याविरुद्धचा पुरावा त्यांना दुय्यम वाटला असावा. गंमत अशी की भौतिकशास्त्रज्ञाने जैविक उत्तर शोधले आणि वनस्पतिशास्त्रज्ञाने भौतिक.

पुढे पुरावे साचत गेले. १९६५ साली पेर शोलांडर व सहकाऱ्यांनी दाबपात्राच्या साहाय्याने फांद्यांतील ताण मोजला; अत्युच्च वृक्षांच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीने पाडून मिळवल्या. कांदळवनातील झाडांत त्यांना ३५ ते ६० वातावरणांइतका ताण आढळला. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी ओढून घेण्यासाठी तो लागतोच. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रातील पाण्याचा वक्र पृष्ठभाग सुमारे १४० वातावरणांचा ताण पेलू शकतो, हे पृष्ठताणाच्या साध्या सूत्रावरून कोणालाही काढता येईल. २००८ साली कॉर्नेल विद्यापीठात टोबियास व्हीलर आणि अब्राहम स्ट्रूक यांनी हायड्रोजेलचे कृत्रिम ‘झाड’ तयार केले. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी ताणलेले पाणी वाहत होते.

या फुकटच्या पंपाची किंमत मात्र झाड मोजते. माती कोरडी पडली की ताण वाढतो, जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि धागा तुटतो. असे पुष्कळ धागे तुटले की वृक्ष वाळतो. बेंगळुरूची जमीन काँक्रीटखाली जाते तेव्हा रस्त्याकडेच्या झाडांवर येणारे संकट हेच आहे.

दरवर्षी ३० नोव्हेंबरला, बोस यांच्या जन्मदिनी, त्यांचे गौरवपर लेख समाजमाध्यमांवर फिरतात आणि त्यांत वनस्पतीच्या ‘हृदया’चा शोधही कधीकधी सिद्ध सत्य म्हणून येतो. तो सत्य नाही. लाजाळूसारख्या वनस्पतींतील विद्युत संदेशांबाबत मात्र त्यांचे म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले. मातीतील क्षार निवडून आत घेण्याचे कामही मुळांच्या जिवंत पेशीच करतात. निर्जीव वाहिन्यांना ते जमत नाही. बोस यांचा खरा वारसा त्यांच्या निष्कर्षांपेक्षा त्यांच्या सवयीत आहे : झाडाबद्दल प्रश्न पडला, तर शलाका घेऊन झाडापाशी जायचे. ज्या कसोटीने त्यांचे एक मत बरोबर ठरले, त्याच कसोटीने दुसरे चूक ठरले. दोन्ही निकाल सारख्याच आदराने सांगितले, तरच आपण त्यांचा सन्मान केला असे म्हणता येईल.