हायड्रोजेल : पाण्याला आकार देणारे बंध

पाणी शोषून फुगणारे, पण त्यात न विरघळणारे बहुवारिकांचे त्रिमितीय जाळे म्हणजे हायड्रोजेल. चायना ग्रासची वडी, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आणि डायपरमधील शोषक दाणे ही एकाच कुळातील मंडळी. काही हायड्रोजेलांत तर वजनाच्या ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते, तरीही ते वाहून जात नाही. बहुवारिकाच्या लांब साखळ्या एकमेकींना कोणत्या बंधांनी बांधल्या आहेत, यावर त्यांचा स्वभाव ठरतो.

चायना ग्रास, म्हणजे समुद्रशैवालापासून मिळणारे अगर. थंड होताना त्याच्या साखळ्या पीळ घेतात आणि हे पीळ हायड्रोजन बंधांनी जुळतात. एकेक बंध दुबळा, पण असंख्य बंधांमुळे वडी उभी राहते. अगर साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला गोठते. वितळवण्यासाठी मात्र ते ८५ अंशांच्या आसपास तापवावे लागते, कारण एकदा जुळलेले पीळ सहजी सुटत नाहीत.

डायपरमधील सोडियम पॉलिॲक्रिलेटची गोष्ट वेगळी. त्याच्या साखळ्यांवरील ऋणभार परस्परांना दूर लोटतात, आतील सोडियम आयनांमुळे परासरण दाब वाढतो आणि पाणी आत ओढले जाते. शुद्ध पाणी ते शेकडो पट शोषते. क्षारयुक्त मूत्र त्याहून बरेच कमी. जाहिरातीतील आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

ओट्टो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० मध्ये वैद्यकीय उपयोगासाठी जे जेल मांडले, त्यात साखळ्या सहसंयुज बंधांनी कायमच्या जोडलेल्या होत्या. मऊ लेन्सचा उगम तोच. असे जाळे उष्णतेने वितळत नाही; पण ताणात एक बंध तुटला की भार शेजारच्या बंधावर पडतो आणि भेग पसरत जाते.

या ठिसूळपणावर हार्वर्डमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दोन जाळ्यांचा उपाय दाखवला. पॉलिॲक्रिलअमाइडचे सहसंयुज जाळे आकार राखते, तर अल्जिनेटच्या साखळ्यांना जोडणारे कॅल्शियमचे बंध ताणात सुटून ऊर्जा जिरवतात. हे जेल मूळ लांबीच्या वीसपटींहून अधिक ताणले गेले. सुटलेले बंध पुन्हा जुळतात खरे, पण सावकाश. पावलागणिक दाब झेलणाऱ्या गुडघ्यातील कूर्चेची जागा असे जेल घेऊ शकेल का, हा प्रश्न याच संथपणाशी येऊन अडतो.