बंदूक, तार आणि मोबाईल: वाघाच्या फोटोची गोष्ट

आजचा भाग खास नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा. थंडी पडली की आपल्याकडे लोक पहाटे तीनचा गजर लावून पेंचला नाहीतर ताडोबाला निघतात. परत आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "वाघ दिसला का?" आणि लगेच दुसरा: "फोटो दाखव!" या दुसऱ्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तोच आज बघू.

१८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. त्याच काळात कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा इंग्रज अधिकारी सातपुड्यात फिरत होता. त्याचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ मध्ये आलं. डोंगर, दऱ्या, जंगलं याचं त्यात मन लावून केलेलं वर्णन आहे. आणि त्याच पुस्तकात शिकारीच्या गोष्टीही आहेत. त्या काळच्या साहेबासाठी जंगल बघणं आणि जंगलात गोळी झाडणं, हा एकच छंद होता.

मग कॅमेरा आला, पण तो होता जड आणि मंद. जिवंत वाघ काही त्याच्यासमोर पोझ देत थांबणार नव्हता. मेलेला वाघ मात्र हलत नाही! म्हणून जुन्या अल्बममध्ये तोच फोटो परत परत दिसतो: जमिनीवर वाघ, शेजारी बंदूक घेतलेला साहेब.

हे बदलणाऱ्यांत एक नाव महत्त्वाचं: एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. संयुक्त प्रांतातला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडकडचा वन अधिकारी. त्यानं जंगलातल्या पायवाटेवर बारीक तार लावली आणि ती कॅमेऱ्याला जोडली. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा आणि फोटो निघायचा. त्याचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. यातली खरी मजा कळली का? फोटो निघायचा तेव्हा तिथे माणूस नसायचाच. वाघ आपल्या वाटेनं यायचा आणि आपल्या वाटेनं जायचा.

इकडे ताडोबात १९३५ मध्ये शिकार बंद झाली आणि १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. आज आपण त्याला महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान म्हणतो. पण तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं बरं का! चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी होती आपलं नागपूर. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत विदर्भातलं मेळघाट होतं.

चॅम्पियनची युक्तीही वाया गेली नाही. आजचा कॅमेरा ट्रॅप म्हणजे तिचंच नवं रूप. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रातल्या वाघांचा अंदाज ४४४ निघाला, त्यामागे असे फोटो आहेत.

आता आपल्या काळात या. ३१ डिसेंबर २०२४. नागपूरजवळचं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. एफ-२ नावाची वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि पुढेमागे सफारीच्या गाड्या लागल्या. त्यांची वाट अडली. त्याचे व्हिडिओ पसरले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाईल वापरू देऊ नये.

"एवढं काय झालं, फोटोच तर काढत होते!" असं कुणी म्हणेल. पण जरा विचार करा. मोबाईलची लेन्स रुंद असते. त्यात लांबचा वाघ ठिपक्याएवढा येतो. मग आपण ड्रायव्हरला म्हणतो, "भाऊ, थोडी पुढे घ्या ना." मागच्या गाडीतलेही तेच म्हणतात. अशा दहा गाड्या 'थोड्या पुढे' गेल्या की वाघिणीला रस्ता उरत नाही. इथे बंदूक कुणाच्याच हातात नाही, पण पिल्लांची वाट अडली ती अडलीच.

ज्या रुंद लेन्सला वाघ जमत नाही, तिला डोंगर छान जमतो. सातपुड्याच्या रांगांवरची सकाळ, धुक्यातला जलाशय, पानगळीतलं सागाचं रान: यासाठी कुणाच्या जवळ जावं लागत नाही, कुणाची वाट अडत नाही. कोअरच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला थांबूनही हे फोटो निघतात.

आणि गेटच्या आत फोन बंद ठेवावा लागला तर कुरकुर करू नका, राव. वाघ दिसला तर डोळे भरून बघा. घरी "फोटो दाखव" म्हणणाऱ्याला ही चॅम्पियनची गोष्ट ऐकवा. भेटू पुढच्या भागात!